तुंबलेला पाट मोकळा करताना

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गुहागरच्या नारळी-पोफळीच्या आगरात सकाळचे शिपणे चालू असताना जो कोणी घटकाभर उभा राहिला असेल, त्याने पाण्याची शिस्त पाहिली असेल. विहिरीचे पाणी पाटाला लागते, आळ्याआळ्यांत शिरते, झाडाला हवे तेवढे मुरते आणि उरलेले सखल अंगाने निघून जाते. पूर्वी विहिरीवर रहाट असे, आता पंप आला. पाटाची रीत मात्र तीच राहिली. अशा पाटात कुठे पोफळीची विरी अडकली किंवा कडेची माती ढासळली, तर वरच्या अंगाला पाणी साचते. जमीन पचपचीत होते, शेवाळ धरते, डास होतात. आगरात राबणारा माणूस अशा वेळी विहिरीला दोष देत नाही. तो खोरे घेऊन पाट मोकळा करतो, आणि ते शक्य नसेल तर बाजूने दुसरा चर काढून पाणी जवळच्या पऱ्यात सोडून देतो.

आज मला ज्या आजाराबद्दल सांगायचे आहे, तो आजार म्हणजे शरीरातला असाच तुंबलेला पाट. आणि त्यावरची जी नवी शस्त्रक्रिया यंत्रमानवाच्या मदतीने होऊ लागली आहे, ती म्हणजे बाजूने काढलेला चर. फरक इतकाच, की हा पाट अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

रक्त हृदयातून निघते आणि रोहिण्यांवाटे केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांपर्यंत पोचते. तेथे त्यातले पाणी, क्षार आणि थोडी प्रथिने पाझरून पेशींभोवती पसरतात. हे पेशींचे शिपणे. वापरून उरलेले पाणी, विशेषतः त्यातली प्रथिने, परत नेण्यासाठी शरीरात वेगळ्या नळ्यांचे जाळे आहे. त्या नळ्यांना लसीकावाहिन्या म्हणतात आणि त्यांतून वाहणाऱ्या पाणचट द्रवाला लसीका. दिवसाकाठी काही लिटर लसीका अशी गोळा होते. या वाहिन्यांना हृदयासारखा मोठा पंप नाही. त्या स्वतःच हळूहळू आकुंचन पावतात, आपण चाललो-हललो की स्नायू त्यांना दाबतात आणि आतल्या झडपा द्रवाला मागे येऊ देत नाहीत. वाटेत काखेत, जांघेत, मानेत गाळण्या आहेत, त्या लसीका ग्रंथी. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते, ते याच गाळणीचे काम. शेवटी सगळी लसीका गळ्याच्या बुंध्याशी मोठ्या शिरांमध्ये उतरते आणि रक्तात मिसळते.

ही वाट अडली की हात किंवा पाय सुजू लागतो. वैद्यकशास्त्र याला लिम्फोडीमा म्हणते. सुरुवात अगदी साधी असते. एका हातातल्या बांगड्या घट्ट होतात, दुसऱ्यातल्या नाहीत. एका पायातली चप्पल संध्याकाळी आवळते. अंगठ्याने दाबले तर खळगा पडतो, रात्री हात-पाय उशीवर ठेवला तर सकाळी सूज उतरलेली असते. म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण साचलेल्या प्रथिनयुक्त पाण्यात हळूहळू चरबी आणि तंतूंचे जाळे वाढते. मग खळगा पडत नाही आणि सकाळी सूज उतरत नाही. कातडी जाड, खरबरीत होते. त्या साचलेल्या पाण्यात जंतूंना आयते घर मिळते. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, मासळीचा काटा लागला, की तेवढ्यानेही हुडहुडी भरून ताप येतो आणि हात-पाय लालबुंद होतो. आपल्याकडे याला धावरे म्हणतात. धावऱ्याचा प्रत्येक झटका उरल्यासुरल्या वाहिन्यांची आणखी नासधूस करतो आणि सूज एक पायरी वर चढते. हे चक्र माणसाला अपंग करते.

हा आजार नवा नाही. आयुर्वेदात त्याला श्लीपद म्हणतात. जेथे जुने पाणी साचून राहते आणि बाराही महिने गारवा असतो, अशा प्रदेशांत तो विशेष होतो, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. या निरीक्षणामागचे कारण कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. ओट्टो वुखेरर यांना १८६६ मध्ये ब्राझीलमध्ये रुग्णाच्या लघवीत सूक्ष्म कृमी दिसले. टिमथी लुईस यांनी १८७२ मध्ये कलकत्त्याला तेच कृमी माणसाच्या रक्तात दाखवले. चीनमध्ये काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये हे कृमी डासाच्या शरीरात वाढतात हे शोधून काढले. साचलेले पाणी, डास आणि हत्तीपाय यांची साखळी अशी जुळली. हे कृमी लसीकावाहिन्यांत घर करतात, त्यांची भिंत ढिली करतात आणि झडपा निकामी करतात. त्यांची पिल्ले रात्रीच्या वेळी रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसे रक्ताचे नमुने घ्यायला रात्री येतात.

महाराष्ट्रात या हत्तीरोगाचा जोर विदर्भात, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत राहिला आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या निदानावर अनेक वर्षे संशोधन केले. देशात हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ पासून आहे. एकाच दिवशी तीन औषधे एकत्र देण्याची नवी मोहीम २०१८ च्या अखेरीस बिहारमधील अरवल जिल्ह्यात आणि पाठोपाठ जानेवारी २०१९ मध्ये नागपुरात सुरू झाली. शेजारच्या श्रीलंकेने हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मान्य केले. भारताने त्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवले. म्हणून गोळ्या वाटणारी सेविका दारात आली तर गोळ्या तिच्यासमोर घ्याव्यात. पण एक गोष्ट समजून घ्यायला हवी. गोळ्यांनी कृमींचा प्रसार थांबतो. एकदा बिघडलेला पाट त्यांनी पूर्ववत होत नाही.

आपल्या कोकणात, गुहागरसारख्या तालुक्यात, हाताच्या सुजेचे दुसरे एक कारण विसरून चालणार नाही. ते म्हणजे स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार. कर्करोग काखेतल्या गाठींत पसरतो, म्हणून शस्त्रक्रियेत त्या गाठी काढाव्या लागतात. कधी वर क्ष-किरणांचे शेकही द्यावे लागतात. प्राण वाचतात, पण हाताची गाळणी आणि पाट दोन्ही जातात. काखेतल्या गाठींचा पुंजका पूर्ण काढला तर साधारण ५ बायकांपैकी एकीला पुढे हाताची सूज येते. पहिल्या एक-दोन गाठी तपासून त्या स्वच्छ असल्या आणि बाकीच्या राखल्या, तर हे प्रमाण २० मध्ये एकीच्या आसपास येते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यविशारदांनी खालच्या काखेतील थोड्याच गाठी काढून तपासण्याची एक कमी खर्चाची पद्धत रुळवली, तीही याच हेतूने. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना "काखेतल्या किती गाठी काढणार?" हे विचारण्याचा बाईला अधिकार आहे आणि तिने ते विचारावे.

ही सूज शस्त्रक्रियेनंतर लगेच येतेच असे नाही. वर्षाने, तीन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा येते. तोवर मुंबईच्या फेऱ्या संपलेल्या असतात, कागदपत्रे कपाटात गेलेली असतात आणि घरच्यांना वाटते, दुखणे सरले. समजा, असगोलीची एखादी बाई मासळी साफ करते, किंवा वरवेलीची एखादी लावणीला चिखलात उभी असते. तिचा हात जड वाटू लागतो. ती सांगते कोणाला? बहुतेक वेळा कोणालाच नाही. कर्करोग परत आला की काय, ही भीती एकीकडे आणि "जीव वाचला ना, मग सुजेचे काय घेऊन बसलीस" हे घरातले बोल दुसरीकडे. यात जी दोन-तीन वर्षे जातात, त्यांची किंमत फार मोठी आहे. ती का, ते आता पाहू.

पूर्वीच्या शस्त्रक्रिया म्हणजे सुजलेला, घट्ट झालेला भाग कापून काढणे. ब्रिटिश काळात कलकत्त्यात काम केलेल्या हॅवलॉक चार्ल्स यांच्या नावाने अशी एक शस्त्रक्रिया ओळखली जाते. फार वाढलेल्या हत्तीपायावर कापून काढण्याच्या शस्त्रक्रिया आजही कधीकधी कराव्या लागतात. पण हे म्हणजे पाट तुंबलेलाच ठेवून चिखल उपसण्यासारखे. पाणी जाण्याची वाट करायची तर लसीकावाहिनी जवळच्या बारीक शिरेला, म्हणजे नीलेला, जोडून द्यायला हवी. ऑस्ट्रेलियात बर्नार्ड ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या अशा जोडांची माहिती प्रसिद्ध केली. आपल्या देशात तंजावरचे डॉ. एस. जमाल यांनी हत्तीरोगाच्या रुग्णांवर असे जोड केले आणि १९८१ मध्ये त्याबद्दल लिहिले. तंजावरचा कावेरीकाठ हत्तीरोगाचा जुना प्रदेश. तेथल्या डॉक्टरांसमोर रुग्णांची रांग होती आणि त्या गरजेतून हे काम झाले. पुढे जपानमध्ये इसाओ कोशिमा यांनी आणखी बारीक, ०.३ ते ०.८ मिलिमीटरच्या वाहिन्या जोडण्याचे तंत्र विकसित केले.

०.३ मिलिमीटर म्हणजे किती? शिवणाच्या सुईचे टोक समोर धरा. त्या मापाच्या, पारदर्शक, ओल्या कागदासारख्या लिबलिबीत दोन नळ्यांची तोंडे एकमेकांसमोर आणायची आणि भोवती चार-सहा टाके घालायचे. धागा केसाहून कितीतरी बारीक. हवेच्या झुळकीनेही हलतो. सुई समोरच्या भिंतीत घुसली तर नळी बंद. हे सगळे सूक्ष्मदर्शकात पाहत करायचे. आणि येथे अडचण हाताची येते. आपला हात कितीही स्थिर वाटला तरी तो सतत थोडा थरथरतो. ही थरथर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. जेवताना, लिहिताना ती कळतही नाही. पण जोडायची नळीच तीन दशांश मिलिमीटरची असेल तर ती थरथर तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होते. म्हणून जगात अशी शस्त्रक्रिया सफाईने करणारे हात मोजकेच राहिले.

यंत्रमानवाचा उपयोग नेमका येथे होतो. यंत्रमानव म्हटला की पोलादी माणूस शस्त्रक्रिया करतो आहे आणि डॉक्टर चहा पीत बसले आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे येते. तसे काही नाही. यंत्र स्वतःहून एक टाकाही घालत नाही. शल्यविशारद हातात चिमट्यासारख्या दोन मुठी धरून बसतो. त्याने हात हलवला की यंत्राच्या टोकाचे बारीक चिमटे हलतात, पण प्रमाण कमी करून. हात एक सेंटिमीटर सरकला तर टोक एक मिलिमीटर सरकेल, असे प्रमाण ठरवता येते. आणि हाताची थरथर यंत्र गाळून टाकते. पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मोठ्या शहरांत जे यंत्रमानव आले आहेत, त्यांची हत्यारे या कामाला जाड पडतात; म्हणून यासाठी वेगळी यंत्रे बनवावी लागली.

नेदरलँड्समधील आइंडहोवनच्या अभियंत्यांनी आणि मास्त्रिख्तच्या शल्यविशारदांनी मिळून 'मुसा' नावाचे असे यंत्र तयार केले. मास्त्रिख्तच्या रुग्णालयात २०१७ मध्ये त्याच्या मदतीने माणसावर पहिल्यांदा लसीकावाहिनी शिरेला जोडण्यात आली. नंतर स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजलेल्या २० स्त्रियांवर त्यांनी चाचणी केली: ८ जणींना यंत्राच्या मदतीने आणि १२ जणींना नुसत्या हाताने. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी दोन्ही गटांतील स्त्रियांना बरे वाटत होते. एक जोड पुरा करायला हाताने सरासरी ९ मिनिटे लागली, तर यंत्राने २५. सरावाने यंत्राचा वेळ कमी होत गेला. म्हणजे यंत्र सुरक्षितपणे काम करू शकते एवढे दिसले. ते कसलेल्या हातापेक्षा सरस आहे हे त्या छोट्या चाचणीने ठरत नाही, आणि संशोधकांनी तसा दावाही केला नाही. इटलीत तयार झालेले 'सिमानी' हे दुसरे यंत्र हाताची हालचाल ७ ते २० पटींनी बारीक करते. त्याला युरोपात २०१९ मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये परवानगी मिळाली. झुरिकच्या रुग्णालयात ते लसीकावाहिन्यांच्या शस्त्रक्रियांसाठी वापरले गेले आहे.

यंत्राचा खरा फायदा पुढे दिसेल असे मला वाटते. आज जे काम जगातल्या थोड्या हातांना साधते, ते उद्या अधिक शल्यविशारदांना साधू शकेल. पण यंत्राची किंमत मोठी आहे, वेळ जास्त लागतो, आणि शस्त्रक्रियेनंतरही अनेक रुग्णांना दाब देणारी घट्ट बाही किंवा मोजा वापरावा लागतो. सूज कमी होते, धावऱ्याचे झटके कमी होतात, हात हलका वाटतो. सगळ्यांचा हात पहिल्यासारखा होतो असे नाही.

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. ती दोन-तीन वर्षे इतकी मोलाची का? शस्त्रक्रियेआधी बोटांच्या बेचक्यात एक हिरवे द्रव्य टोचतात आणि खास कॅमेऱ्याने पाहतात. वाहिन्या जिवंत असतील तर त्या पडद्यावर चमकत्या रेघांसारख्या धावताना दिसतात. त्यांतली एखादी निवडून शिरेला जोडता येते. पण सूज जुनी झाली असेल तर रेघा दिसत नाहीत; द्रव्य कातडीखाली ढगासारखे पसरते. वाहिन्यांच्या भिंती जाड झालेल्या असतात, त्यांची आकुंचन पावण्याची ताकद गेलेली असते. चर काढायला पाटच शिल्लक नसतो. अशा वेळी शरीराच्या दुसऱ्या भागातील लसीका ग्रंथी आणून बसवणे किंवा वाढलेली चरबी काढणे असे वेगळे, मोठे उपाय उरतात. न थरथरणारे यंत्र जोड नेमका करील, पण मेलेली वाहिनी जिवंत करणार नाही. म्हणून या शोधाची बातमी गुहागरच्या बाईच्या कामी यायची असेल, तर त्याआधी तिची सूज वेळेवर ओळखली गेली पाहिजे.

आणि ती ओळखायला यंत्रमानव लागत नाही. शिंप्याची टेप पुरते. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार झालेल्या प्रत्येक स्त्रीने दर महिन्याला दोन्ही हातांचे माप घ्यावे: मनगटाशी, कोपराच्या खाली-वर ठरलेल्या अंतरावर, आणि वहीत लिहून ठेवावे. एकाच जागी दोन सेंटिमीटरचा फरक पडला, किंवा त्याआधीच हात जड वाटू लागला, तर थांबू नये. ज्या रुग्णालयात उपचार झाले तेथे दाखवावे. आपल्या जिल्ह्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतील प्लास्टिक सर्जरी विभागांत सूक्ष्म शस्त्रक्रियेचा सल्ला मिळू शकतो. गावच्या आशाताईंच्या पिशवीत एक टेप आणि अशा बायकांची एक यादी असली, तर मला वाटते अनेक हात वाचतील.

रोजची निगा हा या आजाराचा पाया आहे. शस्त्रक्रिया झाली तरी ती सुटत नाही. हात-पाय साबणाने धुऊन बेचके कोरडे करावे. चिखल्यांवर वेळीच मलम लावावे. विळी-कोयतीवर, मासळी साफ करताना, हातमोजा घालावा. शेतात अनवाणी जाऊ नये. जाणकाराकडून पट्टी बांधायला शिकावे. "आता कळशी उचलायची नाही" असे बायकांना सरसकट सांगितले जाते. पण अमेरिकेत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हात सुजलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वजन उचलण्याचा व्यायाम केला तरी सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज बरी होत नाही. डाग देणे आणि फासण्या मारणे यांनी तर जंतूंना दार उघडे होते. केरळात कासारगोडला इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटोलॉजी या संस्थेत त्वचेची निगा, दाबपट्टी, योगासने आणि आयुर्वेदिक उपचार यांची सांगड घालून हत्तीपायाच्या रुग्णांवर उपचार होतात. त्यात भारी यंत्र नाही, चिकाटी आहे.

दोन इशारे मात्र लक्षात ठेवावेत. हात-पाय लाल, गरम होऊन थंडी-ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती वाट पाहण्याची गोष्ट नाही. दोन्ही पाय सुजणे हे हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचेही दुखणे असू शकते. प्रत्येक सूज लसीकेची नसते, म्हणून तपासणी आधी.

आगरातला शहाणा माणूस पावसाळ्याआधी पाट साफ करतो. पाणी तुंबून पोफळी पिवळी पडल्यावर त्याला कितीही चांगले खोरे आणून दिले, तरी झाड परत येईलच असे नाही. परदेशात तयार झालेले हे अतिबारीक खोरे उद्या मुंबईत येईल, परवा कदाचित त्याहून जवळ येईल. तोवर बांगडी घट्ट झाली तर ती काढून ठेवून गप्प बसू नका. घरात सांगा, टेप लावा आणि चिपळूणची पहिली एसटी धरा.